पाणी कुठं मुरतंय? वाळवंटातल्या हिरव्या गावांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इजिप्तमधल्या सिवा नावाच्या गावाबद्दल ओघात चार ओळी लिहिल्या: चारी बाजूंनी वाळू, मध्ये खजुराची राई, आणि मिठाच्या ढेकळांनी बांधलेली पडकी गढी. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचं म्हणणं एकच, की सिवा जमणार नाही, पण तसं वाटणारं दुसरं काही सांगा. मी ३५ वर्षं भूगोल शिकवला, त्यातली ७ ओमानमधल्या निझवा या गावी. त्यामुळे उत्तरं लांबणार. नौपाड्यातल्या माझ्या शेजारणी याला साक्ष आहेत.

प्रश्न: बाई, आम्ही दोघं आणि माझे आईवडील (वडील ७२, आईचे गुडघे दुखतात). हाताशी आठ दिवस. सिवाचे फोटो बघून वेड लागलंय. जावं का? नाहीतर तसंच प्राचीन वाटणारं दुसरं काय? (खारघर)

आईंचे गुडघे तुम्ही कंसात लिहिलेत, पण खरा प्रश्न तोच आहे. कैरोहून सिवा समुद्रकाठच्या मर्सा मत्रूहमार्गे साधारण ७५० किलोमीटर. त्यातले शेवटचे ३०० किलोमीटर सपाट, पिवळे, आणि चहाची टपरी दिसली की ड्रायव्हरसुद्धा देवाचं नाव घेतो. २००९ साली मी गेले तेव्हा माझी कंबर धड होती, तरी उतरल्यावर पाच मिनिटं गाडीला धरून उभी होते. आठ दिवसांतले दोन पूर्ण दिवस या रस्त्यात जातील. तुम्ही दोघंच असता तर जा म्हटलं असतं.

कारण गाव आहेच तसं. तिथल्या जुन्या शाली गढीच्या भिंती मीठ आणि चिखल मिळून झालेल्या ढेकळांच्या. त्याला तिथे करशीफ म्हणतात. मी भिंतीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट! गाइड हसला, म्हणाला सगळे हेच करतात. तेराव्या शतकापासून लोक त्या गढीत राहत होते. १९२६ साली सलग तीन दिवस पाऊस पडला, मीठ विरघळलं, घरं खचली आणि लोक खाली नवी घरं बांधून राहायला गेले. सातशे वर्षं टिकलेलं गाव तीन दिवसांच्या पावसानं संपलं. आपल्या जुलैत ते पहिल्याच आठवड्यात वाहून गेलं असतं. गावाशेजारच्या टेकाडावर आमूनचं देऊळ आहे. इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदर वाट वाकडी करून तिथे कौल लावायला आला होता.

आता तुमच्यासाठी: ओमान. मुंबईहून मस्कत तीन तासांच्या आत, तिथून निझवा दीडशेच्या आसपास किलोमीटर आणि रस्ता असा की आईंना मागच्या सीटवर झोप लागेल. निझव्यात तीन रात्री काढा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी ते बघून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. जूनमध्ये जाऊन मग मला पत्र लिहू नका.

निझव्यात किल्ला आहे, शुक्रवारी सकाळचा बकऱ्यांचा बाजार आहे, ते सगळं गाइड दाखवीलच. मी सांगते ते गाइड दाखवत नाही, कारण त्यात त्याला दाखवण्यासारखं काही वाटत नाही. खजुराच्या बागांतून फूटभर रुंदीचा पाट वाहतो. त्याला फलज म्हणतात. अशा ३,००० हून अधिक फलज ओमानमध्ये आजही वाहत्या आहेत, आणि त्यांतल्या पाच २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. निझव्याजवळची फलज दारिस त्यांतलीच एक. पाणी डोंगराच्या पायथ्यापासून येतं. गावात शिरल्यावर पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, मग मशिदीत हातपाय धुणं आणि अंघोळी, आणि त्यानंतर बागा. बागांतही खजूर आधी, हंगामी पीक मागून.

आमच्या घरामागे एका म्हाताऱ्यांची बाग होती. पाणी वेळेनं वाटलेलं. अर्ध्या तासाचा एक वाटा, त्याला अथर म्हणतात. कोणाचा एक अथर, कोणाचे चार. वारशानं मिळतात, विकता येतात, भाड्यानं देता येतात. पूर्वी दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे बघून पाळी मोजायचे. माझ्या वेळी मनगटावर घड्याळ आलं होतं. एका रात्री दोन वाजता कुत्री भुंकली म्हणून मी गच्चीवर गेले. म्हातारबाबा बॅटरी घेऊन पाटाशी बसलेले. घड्याळात बघितलं, पाटाच्या तोंडाशी लावलेला दगड आणि त्याभोवती कोंबलेली चिंधी काढली, आणि पाणी आवाज न करता त्यांच्या वाफ्यात वळलं. ते अर्धा तास तिथेच उकिडवे बसून. मग चिंधी परत कोंबली आणि पलीकडच्या बागेतल्या माणसाला हाक मारली.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. आमच्याकडे फड पद्धतीत (बंधाऱ्याचं पाणी पाटानं वाटून घ्यायची गावाची जुनी रीत) पाटकरी हेच करायचा. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा आणि त्याच्याशी हुज्जत घालायची गावात कोणाची टाप नव्हती. त्या रात्री निझव्यात गच्चीवर मला माझ्या माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखं झालं. तुम्ही 'प्राचीन वाटणारं' म्हणता ना, ते मला खजुरात किंवा उंटात सापडलेलं नाही. ते पाण्याच्या पाळीत सापडलं. यापुढच्या पत्रांनाही मी याच चष्म्यातून उत्तरं देणार, आधीच सांगून ठेवते.

आईंसाठी दोन सूचना. मिस्फात अल अब्रीयीन हे डोंगरउतारावरचं गाव फार सुरेख, पण पायऱ्या आणि ओल्या फरशा. त्यांना वरच्या कट्ट्यावर बसवून काहवा (अरबी कॉफी) द्या आणि तुम्ही खाली उतरा. (काहवा पुरे झाला की रिकामा कप नुसता खाली ठेवायचा नाही, हातात धरून हलकेच हलवायचा. नाहीतर ते ओततच राहतात.) त्याऐवजी बिरकत अल मौज जवळजवळ सपाट आहे. मौज म्हणजे केळी, आपली मौज नव्हे. केळीचं तळं! तिथेही युनेस्कोच्या यादीतली फलज आहे. बागेत शिरताना लक्ष द्या: वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबं-केळी-आंबा, आणि अगदी खाली लसूणघास. तीन मजले. बाहेरच्या रस्त्यावर डोळे उघडवत नाहीत आणि दहा पावलं आत आलं की ओल्या मातीचा आणि कापलेल्या लसूणघासाचा वास. तुमचे वडील शेतकरी घरातले असतील तर त्यांना तिथून उठवणं कठीण जाईल.

प्रश्न: मुलगा दुबईला असतो. मॉल बघून कंटाळले. एक दिवस मोकळा मिळेल. (नौपाडा, ठाणे)

अल ऐन. दुबईहून गाडीनं दीड तास. शहराच्या मधोमध सुमारे १,२०० हेक्टरचं मरूद्यान (ओअ‍ॅसिस) आहे, १,४७,००० खजुराची झाडं, आणि मधून दगडी भिंतींमधल्या सावलीच्या वाटा. इथल्या जागा २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. शहरातल्याच हिली भागात कांस्ययुगातली थडगी आहेत आणि लोहयुगातल्या फलजच्या खुणाही. संध्याकाळी मुलगा जबल हफीत डोंगरावर नेतो म्हणेल, सगळे नेतात. जा, पण आधी बागेत दोन तास. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर कामगार झाडावर चढलेले दिसतील. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळं. नराचे तुरे तोडून मादीच्या उमललेल्या फुलोऱ्यात हातानं खोचतात. वाऱ्यावर सोडलं तर भरवसा नाही, म्हणून हजारो वर्षं माणूस हे काम करतोय. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वर्गातल्या मुलांना तिथेच उभं करून तास घेतला होता.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र, कॉलेजात. प्रत्येकी सहा-सात हजार. वाळवंट नको असलं तरी चालेल, पण 'ती फील' हवी. (ऐरोली)

शाब्बास. हा या अंकातला माझा आवडता प्रश्न.

ठाणे किंवा कल्याणहून रात्रीची गाडी धरा आणि बुऱ्हाणपूरला उतरा. भुसावळच्या पुढे, खांडव्याच्या अलीकडे. जवळजवळ सगळे लोक तिथे मुमताजमहल वारली म्हणून किल्ला बघायला जातात (१६३१, आणि किल्ल्यातला हमाम खरंच बघण्यासारखा आहे). तुम्ही रिक्षावाल्याला सांगा: कुंडी भंडारा. साधारण १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, इराणहून आलेल्या तबकुतुल अर्ज नावाच्या जाणकारानं ही योजना आखली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी अडवायचं आणि भुयारातून नुसत्या उतारानं शहराकडे आणायचं. भुयारावर ठरावीक अंतरानं विहिरीसारख्या कुंड्या, शंभराच्या वर. पंप नाही, मोट नाही, चाक नाही.

ही तीच विद्या. इराणात तिला कनात म्हणतात, ओमानात फलज. निझव्यातल्या माझ्या म्हातारबाबांच्या चिंधीशी बुऱ्हाणपूरचं नातं आहे, आणि तुम्हाला ते भुसावळच्या तिकिटात बघायला मिळतंय! कुंडीच्या कडेनं आत वाकून बघा. खाली पाणी वाहतं आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, हात लावला तर गुळगुळीत लागतात. हे थर वाढून भुयार आवळत चाललंय, हे दुखणं आहे. खाली उतरायची सोय चालू आहे का, ते तिथल्या माणसाला विचारा आणि तो नाही म्हणाला तर नाही. तरुणपणी मीही असल्या गोष्टी ऐकत नसे.

येताना मावा जिलेबी खा. काळी दिसते, घाबरू नका.

पैसे उरले तर परतीला छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या खडकी शहरासाठी नहर काढली ती याच घराण्यातली. तिथल्या पाणचक्कीच्या हौदाशी पर्यटकांची झुंबड असते. पाणी कुठून येतं, हे विचारणारा दिवसाला एखादा निघत असेल. तुम्ही निघा.

प्रश्न: डिसेंबरच्या सुट्टीत जैसलमेरला डेझर्ट कॅम्प बुक करतोय. एक रात्र पुरे का? (कोपरखैरणे)

एक रात्रही जास्त झाली असं म्हणायची पाळी माझ्यावर आली होती. २०१७ ची गोष्ट. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, तिघी साठीच्या पुढच्या. एका टूरवाल्यानं 'प्राचीन मरूद्यानाचा अनुभव' म्हणून पैसे घेतले. तंबूत संडास होता, त्याबद्दल आभार. पण तंबूंच्या मध्ये सिमेंटचा हौद, हौदाभोवती प्लॅस्टिकचे खजूर, खजुरांना निळे दिवे आणि रात्री एक वाजेपर्यंत डीजे. तारे बघायला म्हणून आम्ही शाली गुंडाळून वाळूवर जाऊन बसलो, तर तिथे जीपवाल्यांची शर्यत. सकाळी तक्रार केली तर म्हणाला, मॅडम, पब्लिक को यही चाहिए.

म्हणून माझा सल्ला, मुक्काम जैसलमेर गावात करा आणि डिसेंबरऐवजी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा. कारण तेव्हा खडीन हिरवे असतात. खडीन म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला घातलेला लांबलचक मातीचा बांध. खडकाळ माळावर पडलेला थोडासा पाऊस वाहत येऊन तिथे साठतो आणि मुरतो. पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू, हरभरा पेरतात, वर थेंबभर पाणी न देता. ही विद्या पालीवाल ब्राह्मणांची. त्यांनी सोडलेलं कुलधरा हे गाव सगळे भुतांसाठी बघायला जातात. तुमचा ड्रायव्हरही भुतांच्याच गोष्टी सांगेल. त्याला म्हणावं, भुतं असू देत, खडीन दाखव. चारी बाजूंनी रखरखाट आणि मध्येच गुडघाभर हरभरा, हे बघितल्यावर तुम्हाला प्लॅस्टिकच्या खजुराची आठवण होणार नाही.

तिथल्या लोकांकडे पाण्याला तीन नावं आहेत. पावसाचं वरचं ते पालर पाणी, खोल विहिरीचं ते पाताल पाणी, आणि या दोघांमधलं, वाळूखालच्या खडूच्या किंवा जिप्समच्या थरावर अडकून राहिलेली ओल, ते रेजाणी पाणी. आपण नळ सोडला की येतं त्याला पाणी म्हणतो आणि नाही आलं की टँकर. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी माझ्याशी सहमत होतील.

गडीसर तलाव पहाटे बघा, चौदाव्या शतकातला आहे. नऊनंतर तिथे पायडल बोटी सुरू होतात.

प्रश्न: लडाखच्या नुब्रामधल्या हुंदरला वाळू, उंट आणि बर्फाचे डोंगर एकत्र दिसतात म्हणे. मुलगी दोन वर्षांची आहे. (हिरानंदानी इस्टेट, ठाणे)

दिसतात, पण मुलगी चार-पाच वर्षांची होऊ द्या. लेह ३,५०० मीटरवर, आणि नुब्राला जाताना लागणारी खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्याही वर. मोठ्या माणसांनीही लेहला दोन दिवस पडून राहायचं असतं. दोन वर्षांचं मूल डोकं दुखतंय हे सांगू शकत नाही. डॉक्टरांशी बोला, माझ्या शब्दावर जाऊ नका.

जाल तेव्हा हुंदरच्या वाळूत एक तास पुरे. दोन वशिंडांच्या उंटावर फोटो काढा आणि पुढे तुर्तुकला जा. १९७१ पर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. बाल्टी लोक, जर्दाळूची झाडं, आणि घराघरांच्या मधून खळखळणारे पाट. माझ्या हिशेबात हिंदुस्थानातलं खरं ओअ‍ॅसिस तेच. लडाखच्या गावांत पाण्याच्या पाळ्या बघणाऱ्याला छुरपोन म्हणतात. बघा, पुन्हा पाटकरी भेटला.

प्रश्न: बाई, भूगोल पुरे. परदेशातली चार नावं सांगा, आम्ही गुगल करू. (वाशी)

घ्या. सौदीतलं अल अहसा: २५ लाख खजूर, जगातलं सगळ्यात मोठं मरूद्यान. चीनमधलं दुनहुआंग: चंद्रकोरीसारखं तळं आणि शेजारी मोगाओची बौद्ध लेणी. अजिंठा बघितला असेल तर तिथल्या भिंतींसमोर तुम्ही परके वाटणार नाही. ट्युनिशियातलं तोझर: विटांच्या नक्षीची गल्ल्यागल्ल्यांची वस्ती. पेरूमधलं हुआकाचिना: फोटोत स्वर्ग, पण तळ्यात पाणी हल्ली बाहेरून सोडावं लागतं. तुम्ही भूगोल पुरे म्हणालात म्हणून कारण सांगत नाही.

प्रश्न: मी आठवीत आहे. वाळवंटात पाऊस पडत नाही, तर ओअ‍ॅसिसमध्ये पाणी येतं कुठून? आमच्या सरांनी 'भूगर्भातून' एवढंच सांगितलं. (कळवा)

सरांनी खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. पाऊस तिथेच पडायला हवा असं नाही. ओमानमध्ये तो डोंगरावर पडतो, खडकातल्या भेगांत शिरतो आणि गाळातून हळूहळू खाली सरकतो. लोकांनी पायथ्याशी एक विहीर खणून ते गाठलं. तिला उम्म अल फलज म्हणतात, म्हणजे फलजची आई. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा, इतक्या कमी उताराचा की पाणी वाहील पण माती उकरणार नाही. मधे मधे वरून भोकं पाडली, खणणाऱ्यांना हवा मिळावी आणि माती वर काढता यावी म्हणून. बोगद्यातल्या पाण्याला ऊन लागत नाही, म्हणून वाफ होऊन उडत नाही.

सिवाचं पाणी वेगळं. तो सगळा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांच्या खाली पसरलेला वाळूच्या खडकाचा एक प्रचंड थर आहे. हजारो वर्षांपूर्वी सहारात पाऊस पडायचा तेव्हा मुरलेलं पाणी त्यात साठलंय. ते आता पुन्हा भरत नाही. तू कळव्यात पाणी पितोस ते यंदाच्या किंवा गेल्या पावसाळ्याचं. सिवाचा मुलगा पितो ते कदाचित सिकंदराच्याही आधीचं. आणि तिथे आता इतक्या विहिरी झाल्यात की शेतातून वाहून जाणारं जादा पाणी खोलगट भागात साचतं, उन्हानं आटतं आणि मीठ मागे ठेवतं. जमीन खारट होते, खजूर मरतात. पाणी जास्त झाल्यानं मरणारं मरूद्यान, हे परीक्षेत लिहू नकोस. सर मार्क कापतील. पण लक्षात ठेव.

आता काम. बाबांना सांग आणि रविवारी कान्हेरीला जा. ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवली, तिथून नॅशनल पार्कच्या दारातून आत. शंभराहून जास्त लेणी आहेत. मूर्ती सगळे बघतात. तू प्रत्येक लेण्याच्या दाराशी, बाजूला, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं शोध. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय आणि दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारीही आहेत, म्हणजे तुझ्या शेजारच्याच गावचे. मग वरच्या कातळावर चढ आणि बोटभर रुंदीच्या चरी दिसतात का बघ. पावसाचं पाणी त्यांतून टाक्यात जायचं. कुठली चर कुठल्या टाक्यात जाते त्याचा नकाशा काढ, पेन्सिलनं, आणि मला पाठव. मे महिन्यात गेलास तर कुठल्या टाक्यांत अजून पाणी आहे तेही लिही.

सोमवारी बंद असतं. आणि डबा दप्तराच्या तळाशी ठेव, तिथली माकडं दप्तराची चेन उघडतात.